पद्मिनीच्या दाराचे पॅड आणि काचेवरचा एक ओरखडा

ओरखडा चालकाच्या दाराच्या काचेवर होता. उभा, सरळ, जणू फूटपट्टी धरून काढलेला. मामांचं म्हणणं, पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं असेल. पण बाहेरून बोट फिरवलं तर काच गुळगुळीत. नख अडकत होतं ते आतल्या बाजूने. आणि काच वर-खाली करताना एका ठरावीक उंचीवर 'किर्र' असा आवाज यायचा. तो आवाज मामा बरीच वर्षं ऐकत होते आणि काचेच्या मशीनला तेल देत होते.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यातली, दादरला वाढलेली, आणि मामा पुण्याला आले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेली. इंजिन तेच फियाटचं १०८९ सीसीचं. ते उत्तम चालत होतं, म्हणून गाडीच्या बाकी अंगाकडे कुणी बघितलंच नव्हतं. मागच्या डाव्या दाराचं पॅड, म्हणजे पत्र्यावरचं आतलं आवरण, खालून सुटून लोंबत होतं, बाहेरची चकचकीत पट्टी एका टोकाला हलत होती, आणि पावसाळ्यात गालिचाला कुबट वास यायचा. या तीन तक्रारी आम्ही वेगवेगळ्या समजत होतो. मागच्या सीझनला चारही दारं उघडली आणि कळलं की तिघींचं मूळ एकच: पत्र्याला पडलेली भोकं आणि त्यांत कुणी काय घातलं ते.

चालकाच्या दाराचं पॅड काढल्यावर ओरखड्याचा गुन्हेगार लगेच सापडला. काचेच्या फटीखाली, दाराच्या कमरेशी, एक इंच लांबीचा पत्र्याचा स्क्रू बसवलेला होता. आतला पत्रा आणि काच यांच्यात त्या जागी मी नंतर व्हर्निअरने मोजलं तेव्हा १४ मिलिमीटर अंतर भरलं. पॅडचा हार्डबोर्ड ३ मिमी, वरचा फोम दाबला की दीडदोन, पत्रा १ मिमीच्या आत. म्हणजे पंचवीस मिलिमीटरच्या स्क्रूचं टोक पत्र्यापलीकडे एकोणीस-वीस मिमी जाऊन काचेच्या वाटेतच उभं. तो थोडा तिरका बसला होता, म्हणून काच फुटली नाही, नुसती घासत राहिली. अर्धा इंची स्क्रू तिथे पुरला असता. डब्यात हाताला जो लागला तो लावला, एवढाच मामला.

चारही दारांमधून मिळून ७३ स्क्रू निघाले. ते मी वर्तमानपत्रावर जागेनुसार मांडून ठेवले, आणि त्या मांडणीत गाडीचा सगळा इतिहास दिसायला लागला. मूळ तारेच्या क्लिपा म्हणाव्यात अशा नऊ, तपकिरी, बोटाने दाबल्या की तुटणाऱ्या. बाकी सगळी भरती नंतरची. एकाच दारात ३.५ मिमीचे, ४.२ मिमीचे आणि ४.८ मिमीचे स्क्रू. म्हणजे दर वेळी भोक ढिलं झालं की एक नंबर वरचा स्क्रू. चार ठिकाणी ४.८ सुद्धा नुसता फिरत होता, तिथे कुणीतरी भोकात काडेपेटीची काडी कोंबली होती. दोन तर चक्क लाकडाचे स्क्रू होते. आणि आर्मरेस्टच्या एका बोल्टने मला सर्वांत जास्त छळलं. तो ना धड निघत होता ना घट्ट होत होता.

तो बोल्ट दीड सुती होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा दीड सूत म्हणजे ३/१६ इंच, ४.७६ मिमी. पद्मिनी मुळात इटालियन, तिचे आटे मेट्रिक. शेजारी अँबेसेडर उभी असायची, ती मुळात इंग्रजी मॉरिस, तिचे आटे इंचाचे. मेकॅनिकचा डबा मात्र एकच. दीड सुती बोल्ट एम-५ च्या (मेट्रिक, ५ मिमी) नटात तोंडाशी आरामात शिरतो, कारण जाडी जवळपास सारखी. पण एम-५ चा आटा ०.८ मिमीला एक, आणि दीड सुती जुन्या ब्रिटिश आट्याचा इंचाला चोवीस, म्हणजे १.०६ मिमीला एक. दोन-तीन फेऱ्यांनंतर तो घट्ट लागतो, आणि लावणाऱ्याला वाटतं, वा, छान बसला. तो बसलेला नसतो, अडकलेला असतो. जुन्या गाडीतला कुठलाही बोल्ट दोन फेऱ्यांत जड झाला तर पाना खाली ठेवून आटे मोजावेत, ही सवय मला त्या दिवशी लागली.

आता पाण्याचं. दाराच्या आत पाणी शिरणं हा बिघाड नाही, हे मला फार उशिरा कळलं. काचेच्या बाहेरच्या बाजूला रबराची पट्टी असते, ती काच पुसते, सील करत नाही. पावसात प्रत्येक दार आतून ओलं होतं, आणि ते पाणी तळाच्या भोकांतून खाली जावं अशीच रचना असते. पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाण्याला पॅडपर्यंत येऊ देत नाही. आमच्या एकाही दारात तो कागद नव्हता. आधीच्या कुशनवाल्याने 'कचरा' म्हणून काढून टाकला असणार. तळाची भोकं माती आणि गंजाच्या पोपड्यांनी बुजलेली. पाणी दारात साचायचं, हार्डबोर्ड खालून ओल शोषून फुगायचा, फुगलेल्या बोर्डातून स्क्रूचं डोकं आरपार निघायचं, पॅड लोंबायचं, मग आणखी एक स्क्रू. मागच्या डाव्या पॅडची खालची चार बोटं अक्षरशः लगदा झाली होती.

म्हणून आधी तळाची भोकं तारेने साफ केली, गंज घासला, प्रायमर लावला, पत्र्यावर जाड पॉलिथीन ब्यूटाइल रबराच्या चिकट दोरीने बसवलं आणि त्याची खालची कड दाराच्या आत वळवली. ते बाहेर राहिलं तर पाणी थेट गालिचावर येतं. नवे पॅड जुन्यांच्या मापाने कापून घेतले आणि बोर्डाच्या पाठीला नि सगळ्या कडांना दोन हात वॉर्निश पाजलं. मग फास्टनरचा, म्हणजे पॅड पत्र्याला धरून ठेवणाऱ्या क्लिपा-स्क्रूंचा, प्रश्न उरला.

पत्र्याची जाडी साफ जागी ०.८ मिमी भरली. सगळी गणितं या एका आकड्यापाशी येऊन थांबतात. एम-५ चा आटा ०.८ मिमीचा. म्हणजे पत्र्यात टॅप मारून एम-५ चा आटा पाडला तर मिळतो एकच. एका आट्यावर बोल्ट धरत नाही, आणि हे दुकानात छातीठोकपणे 'टॅप मारून देतो' म्हणणाऱ्या तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. पत्र्याचा स्क्रू वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्याचे आटे लांब-लांब असतात, ४.२ मिमीच्या स्क्रूला १.४ मिमीचं अंतर, आणि पत्र्याची कड दोन आट्यांच्या मध्ये चिमटली जाते. पहिल्यांदा तो झकास धरतो. पण प्रत्येक वेळी काढून लावताना तो नव्याने कापत जातो, भोक मोठं होतं आणि नंबर वर चढत जातो. ते ७३ स्क्रू हेच सांगत होते. (जुन्या भोकात पत्र्याचा स्क्रू पुन्हा लावायचाच असेल तर आधी तो हलक्या हाताने उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात 'टक्' करून पडला की मग सुलटा. अर्धा मिनिट जातो, भोक वाचतं.)

इथे मी एक गोष्ट ठरवून टाकली आणि पुढचे सगळे निर्णय तिच्या पोटातून निघाले. चाळीस वर्षांच्या गाडीचं दार पुन्हा उघडावं लागणारच. काचेची मशीन बिघडेल, कुलूप बिघडेल, काही नाही तर तळाची भोकं साफ करायला. तेव्हा ओढाताण झालीच तर आधी फास्टनर तुटला पाहिजे. त्याच्यानंतर पॅड. पत्रा कधीच नाही. क्लिप नाना पेठेत मिळते. दाराचा पत्रा तिथे मिळत नाही.

या कसोटीवर पॅडच्या कडेला सरळ नायलॉनची क्लिप आली. पण नायलॉनमध्येही खाचाखोचा आहेत. नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात 'दाराच्या क्लिपा द्या' म्हटलं की हातात झाडासारखी पानं फुटलेली क्लिप येते. तिचं पानांचं खोड पत्र्याच्या भोकात फार घट्ट बसतं आणि ती नव्या गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या पॅडसाठी असते. त्या पॅडना क्लिप धरायला मागे मजबूत घर असतं. आमचा पॅड म्हणजे ३ मिमीचा हार्डबोर्ड. रद्दीतल्या बोर्डाच्या तुकड्यावर आणि भंगारातल्या पत्र्यावर मी ती लावून ओढून पाहिली. क्लिप पत्र्यात तशीच राहिली, बोर्डाचा रुपयाएवढा तुकडा तिच्याबरोबर राहिला. म्हणजे क्रम उलटा.

शेवटी चालली ती दोन मजली मानेची क्लिप. वरची चकती बोर्डाच्या चावीच्या आकाराच्या खाचेत सरकते, खालचं शेपूट गुळगुळीत गोंडेदार, ७ मिमीच्या भोकासाठी. तशाच तुकड्यावर ओढली तेव्हा शेपूट निघालं, बोर्ड शाबूत. खाचेत ती दोनतीन मिमी इकडेतिकडे सरकते हा तिचा मोठा गुण, कारण हाताने कापलेल्या पॅडची आणि चाळीस वर्षांच्या पत्र्याची भोकं कधीच समोरासमोर येत नाहीत. प्रत्येक क्लिपच्या मानेत पातळ फोमची चकती घातली. ती पॉलिथीनच्या भोकावर दाबून बसते आणि पाणी अडवते, शिवाय खडखड थांबते. पुढच्या दाराला अठरा, मागच्याला सोळा क्लिपा लागल्या.

भोकं अर्थात सगळी ७ मिमीची राहिली नव्हती. काही अंडाकृती, नऊ-दहा मिमीपर्यंत फाटलेली. तशी नऊ होती. तिथे चौकोनी नायलॉनच्या गिट्ट्या बसवाव्यात असा एक पर्याय होता. भोक चौकोनी घासायचं, गिट्टी दाबायची, तिच्यात स्क्रू. त्या खरोखर चांगल्या असतात, लोखंडाला लोखंड लागत नाही म्हणून गंजही नाही. पण त्यासाठी भोक आणखी मोठं करायचं, आणि पॅडच्या दर्शनी बाजूला स्क्रूचं डोकं दिसणार. मला ते नको होतं. आम्ही नऊही भोकं सीओटू वेल्डिंगने बुजवली. मागून तांब्याची जाड पट्टी धरली, तिला वितळलेलं पोलाद चिकटत नाही. काच आधी पूर्ण बाहेर काढून घेतली, कारण वेल्डिंगच्या ठिणग्या काचेत कायमचे खड्डे पाडतात. मिस्त्री म्हणाले, "साहेब, गोधडी टाकतो काचेवर, कशाला काढता?" मी काढलीच. एक ओरखडा निस्तरत असताना दुसरा विकत घ्यायची माझी तयारी नव्हती.

आर्मरेस्टला मात्र नायलॉन चालत नाही. दार ओढून बंद करताना सगळा जोर त्याच्यावर येतो, दिवसातून दहा वेळा. तिथे खरा आटा हवा आणि तो पत्र्यात मावत नाही, म्हणून पत्र्यात बसवायचा नट, रिव्हनट. पत्र्याच्या भोकात घालायचा, गनने ओढायचा, मागे त्याची फुगलेली कड तयार होते आणि पाचसहा आटे मिळतात.

इथे मी स्वतः माती खाल्ली. एम-५ च्या रिव्हनटला ७ मिमीचं भोक लागतं. माझ्या हातातलं ड्रिल होतं साडेसातचं. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय, म्हटलं. शिवाय घेतला तो गुळगुळीत अंगाचा, ॲल्युमिनियमचा, कारण तो छोट्या हँडगनने सहज दबतो. आठवड्याने बोल्ट पुन्हा घट्ट करायला गेलो तर बोल्टबरोबर अख्खा नट गोल फिरायला लागला. फिरणारा रिव्हनट काढणं हा स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्या कॉलरखालच्या फटीत चपटं पातं कोंबून धरायचं, बोल्टचं डोकं ड्रिलने उडवायचं, आणि गरम चुरा दारात पडू नये म्हणून मागे चिकटपट्टी लावून ठेवायची. दोन तास गेले. दुसऱ्या वेळी पत्र्याच्या मागे दीड मिमीची पोलादी पट्टी वेल्ड करून घेतली, भोक नेमकं ७ चं पाडलं, कडांना प्रायमर लावला आणि खाचेदार अंगाचा, जस्त चढवलेला पोलादी रिव्हनट बसवला. तो अजून हललेला नाही.

ॲल्युमिनियम सोडण्याचं दुसरं कारण बाहेरच्या पट्टीवर सापडलं.

दाराच्या बाजूने जाणारी स्टेनलेसची पट्टी हलत होती, तिची पाठ पोकळ. आतल्या खोबणीत सरकणाऱ्या क्लिपांवर ती बसते. क्लिपा गेल्यावर कुणीतरी तिला मधोमध आरपार भोकं पाडून ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट मारले होते, सात. प्रत्येकाभोवती पांढरी भुकटी. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, त्यातही दादरची खारी हवा, की त्यांची बॅटरी होते आणि दोघांतला जो लवकर नमतो तो झिजतो. जस्त आणि ॲल्युमिनियम पोलादापुढे नमतात, पोलाद स्टेनलेसपुढे. पण खरी मेख क्षेत्रफळात आहे. नमणारा तुकडा छोटा आणि समोरचा मोठा असेल तर छोट्यावर सगळा हल्ला एकवटतो. टिकलीएवढा ॲल्युमिनियमचा रिव्हेट, एका बाजूला चार फूट स्टेनलेस, दुसऱ्या बाजूला अख्खं दार. तो जाणारच. तो ढिला झाला की पट्टी हलते, हलणारी पट्टी भोकाच्या कडेचा रंग खाते, आणि मग दाराचा पत्रा गंजायला लागतो.

याच न्यायाने उलट बाजूही तपासता येते. दाराच्या उंबरठ्यावर ज्या पट्ट्या असतात, पाय ठेवायच्या, तिथे मी ३०४ स्टेनलेसचे बसक्या डोक्याचे स्क्रू लावले. 'साध्या पत्र्यात स्टेनलेस नको, पत्रा गंजतो' असं दोघांनी सांगितलं. तत्त्व खरं आहे, पण इथे नमणारा धातू म्हणजे अख्खी गाडी आणि समोरचा म्हणजे एक स्क्रू, त्यामुळे हल्ला पसरतो, धार राहत नाही. धोका उरतो तो स्क्रू कापत जाताना भोकाच्या कडेचा रंग निघतो तिथे. म्हणून भोकाला आधी प्रायमर, वाळू द्यायचा, आणि स्क्रू मेणात बुडवून लावायचा. जस्त चढवलेले स्वस्त स्क्रू तिथे बुटांच्या चिखलात दोन पावसाळ्यांत लाल होतात. लांबी इथेही १२ मिमीच. आणि खाली काय जातं ते वाकून, बॅटरी लावून बघितल्याशिवाय एकही स्क्रू नाही.

बाहेरच्या पट्टीसाठी दुहेरी चिकटपट्टीचा आग्रह फार झाला. आजकाल सगळे तीच लावतात. तिला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण चिकटपट्टी रंगाला धरते, पत्र्याला नाही. आमच्या दारावर तीन रंगांचे थर होते आणि खालच्याची खात्री नव्हती. दुसरं, पोकळ पाठीच्या पट्टीला चिकटायला उरतात त्या फक्त दोन बारीक कडा. सपाट पाठीची पट्टी असती तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा सातही भोकं बुजवली, पट्टीची मूळ जागा ठेवली, बोहरी आळीत शोधून खोबणीत सरकतील असे चपट्या चौकोनी डोक्याचे एम-४ स्टड दोन टोकांना घेतले आणि मध्ये नायलॉनच्या सरकत्या क्लिपा. स्टडच्या मागे नायलॉन वॉशर, नट, आणि प्रत्येक भोकाभोवती ब्यूटाइलची रिंग. मूळ पट्टीला पडलेली रिव्हेटची भोकं तशीच राहिली, कारण कुर्ल्यात सीएसटी रोडच्या भंगारात जी पट्टी मिळाली ती दुसऱ्या बाजूची निघाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून हे सामान आणखी विरळ होत चाललंय. काच मात्र तिथेच मिळाली, बिनओरखड्याची.

सगळ्या क्लिपा, स्क्रू, स्टड धरून खर्च गाडीत पेट्रोलची टाकी भरण्यापेक्षा कमी झाला. वेळ गेला सहा रविवार, त्यातला दीड माझ्या साडेसातच्या ड्रिलमुळे.

एका पावसाळ्यानंतर मामांचा फोन आला. "अरे, डाव्या मागच्या दारात काहीतरी खुळखुळतंय. स्पीडब्रेकरवर." मी गेलो. पॅडखाली पुट्टी नाईफ (पुट्टी लावायचं चपटं पातं) सारली, कडेने एकेक क्लिप सोडवत गेलो. एम-४ चा एक नट होता, मीच पाडलेला, पट्टी लावताना. पॉलिथीनची खालची कड ओली होती, बोर्ड कोरडा. काढताना कोपऱ्यातल्या दोन क्लिपांची शेपटं तुटली. बोर्डाला काही नाही, पत्र्याला काही नाही. ग्लव्हबॉक्समध्ये ठेवलेल्या गोळ्यांच्या डबीतून दोन नव्या काढल्या, लावल्या, तळव्याने ठोकत पॅड बसवलं. मामा घड्याळ लावून उभे होते. अकरा मिनिटं लागली.